ज्या पाण्यात अळीव वाढला

भिजवलेल्या अळिवाची मला किळस आहे. आवडत नाहीत असं म्हणत नाही, किळस आहे असं म्हणते. हे लालसर बारीक दाणे कोरडे असतात तोवर त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाण्यात पडले की अर्ध्या तासात त्यांना काय होतं कोण जाणे, प्रत्येक दाणा अंगाभोवती एक बुळबुळीत गोळा धरतो, सगळे गोळे एकमेकांना चिकटतात आणि चमचा वर काढला की त्याच्यामागून तार ओघळत येते. सर्दी झालेल्या वर्गात तीस वर्षं शिकवलेल्या बाईला ती तार कशाची आठवण करून देते हे सांगायला नको. लोक त्यात गूळ घालतात, ओलं खोबरं घालतात, वर जायफळ किसतात. त्यानं तार तुटत नाही.

माझं माहेर वसई गावातलं, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. घर लहान, पण नळाचं पाणी, फरशीची मोरी, वडील दिवसातून दोनदा फिनेल टाकणारे. तिथून लग्न होऊन मी भुईगावात वाडीत आले. केळी, नारळ, पानवेली, शेणाचा खड्डा आणि वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं आमचं तळं. इकडे जुन्या वाड्यांना अशी बावखलं असायचीच, पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि उन्हाळाभर वाडी त्यावर जगायची. पहिल्या दिवशी मी काठावर उभी राहून शेवाळ पाहिलं आणि पदर नाकाला लावला. सासूने, जिला आम्ही सगळे आय म्हणतो, ते पाहिलं. तिने त्याच दिवशी माझं नाव ‘नाकवाली’ ठेवलं. नवऱ्याने ते उचललं, पुढे नणंदांनी, मग चर्चमधल्या बायकांनीसुद्धा. सुकट भाजताना मी बाहेर गेले, की ‘गेली नाकवाली.’ खेकड्याचं पोट साफ करताना ओकारी आली, की ‘आता नाकवालीला काजू-बदाम द्या.’ तीस-बत्तीस वर्षं मी हे ऐकत आले आहे.

मुलीच्या वेळी बाळंत झाले तेव्हा आयने मला अळीव खाऊ घातले. रोज सकाळी वाटीभर, नारळाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेले. पहिल्या घासाला मी ओकले. आयने शांतपणे चादर बदलली, नवी वाटी आणली, डाव्या हाताने माझं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाली, “नाक दाब आनि गिल. दूध तुला नाय, पोरीला पायजे.” मी गिळलं. चाळीस दिवस गिळलं. दूध भरपूर आलं हे खरं आहे, ते अळिवाने आलं की आयच्या धाकाने हे मला आजही ठरवता येत नाही.

पण अळिवाच्या पाल्याशी माझी दोस्ती झाली. तो बुळबुळीत नाही. कोवळी, दातेरी, हिरवीगार पानं, चावली की मोहरीसारखी नाकात चढतात. कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, बस्स. खोकल्याला आय त्याचा रस मधातून द्यायची, मुरगळलेल्या पायावर बिया लिंबाच्या रसात वाटून लेप बांधायची, आणि उचकी लागली की बियांचं पाणी. ‘वेगळं औषध कशाला आणायचं’ हे तिचं पालुपद. नोव्हेंबरात मृतांचा दिवस झाला, कबरींवरच्या मेणबत्त्या विझल्या, की दुसऱ्या दिवशी ती वाफ्यात अळीव टाकायची. राख मिसळून, चिमटीने, पायांत चप्पल न घालता.

वाफ्यातला अळीव मात्र ती शेजारी वाटून टाकायची. घरासाठी तिला दुसरा लागायचा. आधीच्या वर्षी काठावर झडून पडलेल्या बिया बावखलाच्या ओलीवर आपल्याआपण उगवायच्या, दगडांच्या फटीत, केळीच्या बुंध्याशी. कोणी पेरलेला नाही, कोणी खत घातलेलं नाही. त्याला ती ‘राजीखुशीचा’ म्हणायची. औषध म्हणून तोच खरा. आणि त्याचे नियम होते. तो विस्तवाला दाखवायचा नाही, कच्चाच खायचा, शिजवला की गुण गेला. पहिली खुडणी घरात बाळंतीण असेल तर तिची, दुसऱ्या कोणी तोंड लावायचं नाही. आणि ज्या पाण्यात वाढला त्याच पाण्यात धुवायचा. नळाच्या पाण्याने त्याचं तोंड कडू होतं म्हणे. मी एकदा चोरून नळाखाली धुतला होता. आयने एक पान चावलं, माझ्याकडे पाहिलं आणि अख्खी टोपली गाईपुढे ओतली. तिला कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात अळीव बावखलाच्या पायरीवर बसूनच धुतला जातो.

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी बाळंत झाली. ती सातिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, सासर वसई पूर्वेला. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण आमच्याकडे. मुलगी झाली, काळंभोर जावळ, मुठी घट्ट. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पोरीला दूध पुरत नाही. ती छातीशी चिकटायची, ओढायची आणि मग चेहरा लालबुंद करून रडायची. माझी मुलगीही तिच्याबरोबर रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला सारखं अंगावर घ्या, धीर धरा, येईल. आय आता नव्वदीकडे झुकली आहे, काठीशिवाय चालत नाही, पण आवाज तोच. ती पडवीतून म्हणाली, “राजीखुशीचा काढून आना. पाला कच्चा द्या. दोन दिवसांत पोर पाजता पाजता झोपंल.”

आयला काठावर उतरता येत नाही, म्हणून टोपली घेऊन मी गेले. तीन-चार महिन्यांत मी बावखलाकडे फिरकले नव्हते. वाडीला आता पंपाचं पाणी आहे, तिकडे जायचं कारणच पडत नाही. गेले आणि थांबले. इतका अळीव मी जन्मात पाहिला नव्हता. पायरीपासून पलीकडच्या बांधापर्यंत दाट, गुडघ्याला लागेल एवढा, पानं रुंद, काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी चमकणारी. पाण्यावर कडेकडेने पांढरट फेस होता. आणि वास येत होता. कुजलेल्या केळीच्या खुंटाचा असतो त्यापेक्षा वेगळा, गोडसर, जड, साबणाखाली काहीतरी दडवल्यासारखा. पदर नाकाकडे गेला.

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला लिहायचंच आहे, कारण त्याची मला स्वतःची शिसारी येते. मी विचार केला, झालं, नाकवालीचं नाटक सुरू. मुलगी घरात रडतेय, नात उपाशी आहे आणि तुला वास येतोय. आता घरात जाऊन ‘पाण्याला वास मारतोय’ म्हटलं तर आय काय म्हणेल, नवरा कसा हसेल, सगळं मला ऐकू आलं. मी पदर खाली घेतला. तोंडाने श्वास घेत टोपलीभर पाला खुडला. पायरीवर बसले आणि त्याच पाण्यात तीनदा खळबळून धुतला. फेस बोटांना चिकटला तो साडीला पुसला.

कोशिंबीर सुरेख दिसत होती. मुलीने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात तसाच थांबवला.

“मम्मी, स्मेल येतोय याला.”

“अळिवाला असतोच वास.”

“तो नाही. गटारासारखा येतोय. खरंच सांगते.”

माझ्या मुलीला माझंच नाक आलं आहे. लहानपणी दुधाला उगीच जराशी आंबूस झाक आली तरी ती ग्लास सरकवायची. तिला वास आला म्हणजे वास होता, आणि मलाही तो आला होता. घरात तो वास ज्यांना येऊ शकत होता अशा आम्ही दोघीच होतो, आणि त्यातली एक मी होते. आय दारात काठी टेकून उभी होती. नवरा हसत म्हणाला, “घ्या, नाकवालीची नाकवाली.”

मी मुलीच्या शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “नाक दाब आणि गिळ. दूध तुला नको, पोरीला हवंय.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिळलं. संध्याकाळी परत, दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत जुलाब, ताप, ओठ पांढरे. बाळाला आयच्या मांडीवर टाकून आम्ही तिला रिक्षात घातलं आणि वसईच्या हॉस्पिटलात नेलं. हाताला सलाईन, उशाशी बादली. ती त्या बादलीत ओकत होती आणि मी बादली धरली होती. मला, जिला खेकडा साफ करताना ओकारी येते, त्या बादलीची घाण वाटली नाही. घाण मला माझ्या हातांची वाटत होती.

तरुण डॉक्टरने विचारलं, “कच्चं काही खाल्लं? पाणी कुठलं होतं?”

मी म्हणाले, “फिल्टरचं. आमच्याकडे फिल्टर आहे.” हे मी खोटं बोलले नाही, प्यायला फिल्टरचंच होतं. मुलगी डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडता ती म्हणाली, “तलावाचं. अळीव तलावात धुतला होता.” मग दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाच दिवस ती तिथे होती. बाळ घरी, डब्याच्या दुधावर. जे थोडंफार दूध येत होतं तेही आटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा प्रयत्न करू, पण एवढा ताप, अंगातलं पाणी गेलेलं, सांगता येत नाही.

ती हॉस्पिटलात असताना तिसऱ्या दिवशी मी बावखलावर परत गेले. या वेळी पदर नाकाला लावला नाही. मला तो वास पुरता घ्यायचा होता. वास जिकडे वाढत होता तिकडे चालत गेले, बांधाच्या पलीकडे, केवड्याच्या जाळीपर्यंत. आमच्या वाडीला लागून दोन वर्षांपूर्वी एक इमारत उभी राहिली आहे, खाली पार्किंग, वर गॅलऱ्यांत कुंड्या. काठीने केवडा बाजूला केला तर जाळीत जमिनीलगत काळा जाड पाइप, तोंड आमच्या बावखलाकडे. त्यातून बारीक धार चालू होती. तोंडाशी काय साठलं होतं ते मी लिहीत नाही. माशा होत्या. पाइपाच्या अवतीभोवती राजीखुशीचा अळीव सगळ्यात उंच होता, माझ्या मांडीला लागत होता. कोणी पेरलेला नाही, कोणी खत घातलेलं नाही! मी तिथेच, त्या जाळीत, आतडं पिळवटून ओकले.

इमारतीत गेले. तिथला देखरेख करणारा माणूस चहा पीत होता. म्हणाला, “काकी, टाकी भरली की थोडं ओव्हरफ्लो होतं. तुम्ही तर शेतीवाले, तुम्हाला खतच झालं की.” आणि हसला. मी शिक्षिका आहे, शिव्या येत नाहीत असं लोकांना वाटतं. त्या दिवशी त्याला कळलं. नंतर तक्रार झाली, पालिकेची माणसं आली, फोटो काढले, मापं घेतली. मग पाइपला एक वळण देऊन त्याचं तोंड दुसऱ्या बाजूच्या नाल्यात सोडलं. नाला पुढे कुणाच्या वाडीतून जातो ते कोणी विचारलं नाही. हे आठवलं की अजून माझ्या तोंडात आंबट पाणी येतं.

आयचा विश्वास बसेना. “बावखलाचं पानी बाटत नाय,” एवढंच ती म्हणत राहिली. “माझ्या सासूनं प्यायलं, मी प्यायले, तुझा नवरा त्यात पोहायला शिकला. तुझंच नाक खराब.” मी म्हणाले, चला, दाखवते. नवऱ्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, आणि आम्ही तिला पायरीपर्यंत उतरवलं. ती खाली बसली. फेसाकडे पाहिलं. मग तिने ओंजळ पाण्यात बुडवली आणि तोंडाकडे नेली. चाखून बघायला. तिला दुसरं कसं कळणार, ती आयुष्यभर पाणी असंच तपासत आली होती.

मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात. पाणी आम्हा दोघींच्या अंगावर उडालं. इतक्या वर्षांत मी तिला उलटून कधी बोललेही नव्हते. नवरा “अगं!” म्हणाला. आयने हाताकडे पाहिलं, मग हळूच तो नाकाशी नेला आणि हुंगला. मी पाहिलं, तिचे ओठ आत ओढले गेले, गळा हलला. तिला किळस आली. नव्वद वर्षांच्या बाईला, जिने गोठा साफ केला, मढी धुतली, माझ्या ओकाऱ्या उपसल्या, तिला बावखलाच्या काठावर किळस आली. बसल्या बसल्या पुढे सरकून तिने हाताला आला तेवढा अळीव मुळासकट उपटला आणि मागे टाकला. मग पुढचा. आम्ही थांबवलं नाही. नवराही खाली बसला आणि उपटू लागला. राहिलेला मी काढला. ढीग वाळल्यावर पेटवला, आणि पहिल्यांदाच राजीखुशीच्या अळिवाला विस्तव दाखवला.

घरात परत आल्यावर मी आयचे हात गरम पाण्याने, साबणाने, नखांपर्यंत धुतले. “तुला तवा वास आलेला?” तिने विचारलं. मी हो म्हणाले. “मग बोलली का नाय?” त्या दिवसापासून तिने मला नाकवाली म्हटलेलं नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण तसं काही वाटत नाही.

मुलगी घरी आली. थोडंसं दूध परत सुरू झालं, अर्धं अंगावरचं, अर्धं डब्यातलं, असं पोरीचं भागलं. नाताळ कधी आला, गेला, कळलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी नात चांगली गुबगुबीत होती, फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तिने नाक आक्रसून असं काही तोंड केलं की सगळं चर्च हसलं. माझी मुलगी हसली नाही. तिने रुमालाने पोरीचं कपाळ लगेच कोरडं केलं.

आयच्या बाटलीत जुन्या वर्षांचं बियाणं होतं, पाइपाच्या आधीचं. ते मी गच्चीत एका टबात पेरलं, बाजारातली माती आणि नळाचं पाणी. उगवला. बारीक, फिकट, वीतभर, पण उगवला. नळाच्या पाण्यात धुतला, पुन्हा उकळून गार केलेल्या पाण्यात धुतला. आयने एक पान चावलं. “कडू,” म्हणाली, आणि चावत राहिली.

थोडासा वाटीत घालून मी मुलीकडे नेला. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पाणी कुठलं?”

“नळाचं,” मी म्हणाले. “उकळलेलं.”

तिने वाटी नाकाशी नेली. सावकाश, दोनदा वास घेतला. मी उभी राहिले. मग तिने खाल्लं.

ती आता सासरी असते, शनिवारी येते. मी काहीही पुढे केलं, चहा, सरबत, ताक, साधा पाण्याचा ग्लास, तरी ती आधी तेच विचारते. पाणी कुठलं? सवयीने विचारते, रागाने नाही. मी दर वेळी सांगते. मग ती वास घेते, आणि तिचा वास घेऊन होईपर्यंत मी तिथून हलत नाही.